एकाच वेळी दोन बॅटमॅन चालतील का?

अडगळीतला वाचक

नवा सुपरमॅन येऊन गेला, बऱ्याच जणांना आवडला, त्यामुळे आता सगळ्यांचे डोळे बॅटमॅनकडे लागलेत. आणि इथेच घोडं पेंड खातं. मॅट रीव्हज यांचा बॅटमॅन, म्हणजे रॉबर्ट पॅटिन्सन, स्वतःच्या वेगळ्या जगात राहणार. त्याचा दुसरा भाग आधी ऑक्टोबर 2025 ला यायचा होता, मग 2026 झालं, आता 1 ऑक्टोबर 2027 सांगतायत. दुसरीकडे डीसी स्टुडिओचे प्रमुख जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांनी जानेवारी 2023 मध्ये जो आराखडा मांडला, त्यात 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' आहे. तिथे बॅटमॅन दुसराच, आणि सोबत त्याचा सख्खा मुलगा डेमियन, रॉबिनच्या वेशात.

एका कंपनीनं एकाच पात्राच्या दोन आवृत्त्या एकाच काळात थिएटरात कशाला उतरवायच्या? आपण कॉमिक वाचणारे सरावलेलो असतो. पण ज्याला 'एल्सवर्ल्ड्स' (मुख्य कथेबाहेरची वेगळी जगं) हा शब्दही माहीत नाही, अशा माणसानं तिकीट काढून आत बसल्यावर काय समजायचं? माझं म्हणणं सरळ आहे. मूळ पात्राच्या जास्त जवळ जाणारा बॅटमॅन निवडा, त्याला दहा वर्षं द्या, दुसरा बंद करा. मंडळी, बोला.

फटकळ

कुठलं मूळ म्हणता? मे 1939 च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' क्रमांक 27 मधलं? तिथला बॅटमॅन गुंडाला ठोसा मारून ॲसिडच्या टाकीत पाडतो आणि असल्यांचा शेवट असाच व्हायचा, असं वर ऐकवतो. पुढच्या वर्षी तर विमानातून मशीनगन चालवतो. मग संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी फर्मान काढलं की यापुढे हा कुणाचा जीव घेणार नाही. संपादकाच्या त्या एका सूचनेला आपण ऐंशी वर्षं 'बॅटमॅनचं तत्त्व' म्हणतोय. बेन ॲफ्लेकच्या बॅटमॅननं माणसं मारली तेव्हा मूळ पात्राची विटंबना म्हणून गळे काढणाऱ्यांनी पहिला अंक उघडून बघितला असता तर बरं झालं असतं.

आल्फ्रेडची गोष्ट तर याहून भारी. 1943 मध्ये कॉमिकात आला तेव्हा गोलमटोल, गुळगुळीत दाढी केलेला, थोडा विदूषकी. त्याच वर्षी कोलंबियाची पंधरा भागांची सिरियल थिएटरांत लागली. तिच्यात विल्यम ऑस्टिन हा काटकुळा, बारीक मिशीचा नट आल्फ्रेड झाला होता. झालं! कॉमिकवाल्यांनी आपल्या आल्फ्रेडला चक्क आरोग्यधामात पाठवलं आणि तो बारीक होऊन, मिशी वाढवून परत आला. बॅटमॅनची गुहाही त्या सिरियलमधूनच कॉमिकात शिरली. आज जो आल्फ्रेड 'मूळ' वाटतो तो पडद्यावरून कागदावर आलेला आहे. तेव्हा मूळ-बिळ सोडा.

आकडेमोड

वाचतोय. सविस्तर नंतर.

कोळीष्टक

प्रेक्षकाला आधी कमी लेखू नका. 2016 ला जॅरेड लेटोचा जोकर आला, 2019 ला वॉकीन फिनिक्सचा. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दुसऱ्यानं अब्ज डॉलरच्या वर गल्ला जमवला आणि फिनिक्सला ऑस्कर मिळालं. जोकरची साथीदार हार्ली कुठे गेली म्हणून कुणी थिएटरात उभं राहून ओरडलं नाही. 2018 च्या 'इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये तर माइल्स आहे, पोट सुटलेला पीटर आहे, ग्वेन आहे, काळापांढरा नॉयर आहे, पेनी पार्कर आहे आणि एक डुक्करही आहे. आठ वर्षांच्या मुलांना ते विनासायास कळलं.

लोक गोंधळतात ते निराळ्याच कारणानं. ऑक्टोबर 2022 आठवा. 'ब्लॅक ॲडम'च्या श्रेयनामावलीत धुरातून एक आकृती चालत येते, निळा पोशाख, लाल केप, हेन्री कॅव्हिल! थोड्याच दिवसांत तो स्वतः इन्स्टाग्रामवर जाहीर करतो की मी सुपरमॅन म्हणून परतलोय. आणि डिसेंबरात त्यालाच लिहावं लागतं की नाही, मी परत येणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'बॅटगर्ल'चं चित्रीकरण झालेलं असताना तो कायमचा कपाटात गेला, त्यात मायकेल कीटन होता. दोन बॅटमॅन असले म्हणून कुणी दुरावत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत आमिष दाखवायचं आणि दीड महिन्यात हात झटकायचे, याला लोक वैतागतात.

अडगळीतला वाचक

कोळीष्टक, 'द फ्लॅश' विसरलात. 2023. कीटन आहे, ॲफ्लेक आहे आणि अखेरीस गाडीतून जॉर्ज क्लूनी उतरतो. तीन बॅटमॅन आणि चित्रपट आपटला.

कोळीष्टक

तो आपटला कारण रिलीज व्हायच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं की हे जग गुंडाळलं जाणार आहे. पुढे काहीच घडणार नसेल तर मधल्या भागात जीव कोण गुंतवणार?

(आणि त्यातल्या बाळांबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल.)

उंटावरचा

बाळं!! हाहाहा. मायक्रोवेव्ह!

आकडेमोड

आता सविस्तर. ऑक्टोबर 2014 मध्ये डीसीचे चित्रपट काढणाऱ्या वॉर्नरनं दहा चित्रपटांची यादी तारखांसकट जाहीर केली होती. बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन, सुइसाइड स्क्वाड, वंडर वुमन, जस्टिस लीग, फ्लॅश, ॲक्वामॅन, शझॅम, जस्टिस लीगचा दुसरा भाग, सायबॉर्ग, ग्रीन लँटर्न कोअर. पैकी शेवटचे तीन कधी झालेच नाहीत. फ्लॅश 2018 ला यायचा तो 2023 ला आला.

त्याच महिन्यात मार्व्हलनंही लॉस एंजेलिसच्या एल कॅपिटन थिएटरात नऊ चित्रपट जाहीर केले. त्यातला फक्त 'इनह्यूमन्स' गळाला आणि पुढे त्याची टीव्ही मालिका झाली. बाकी आठही आले. मध्येच फेब्रुवारी 2015 ला सोनीशी करार होऊन स्पायडर-मॅन हाताला लागला, तर त्यांनी तारखा सरकवून त्याला जागा करून दिली.

म्हणजे यादी करणं वाईट नाही. मार्व्हलनं ती यादी वाचली तेव्हा त्यांच्यामागे 2008 पासूनचे दहा चित्रपट उभे होते. वॉर्नरनं वाचली तेव्हा त्यांच्याकडे एकटा 'मॅन ऑफ स्टील' होता. पहिल्या मजल्याचं प्लास्टर ओलं असताना दहाव्याचे फ्लॅट विकायला काढले.

आणि मार्व्हलनं फुशारकी मारायचं कारण नाही. जुलै 2022 च्या सॅन दिएगो कॉमिक-कॉनला त्यांनी कँग या खलनायकाच्या नावानं अख्खा अॅव्हेंजर्स जाहीर केला. डिसेंबर 2023 ला कँग झालेला नट न्यायालयात दोषी ठरला, कंपनीनं त्याला काढलं, कँग संपला. 'ब्लेड' 2019 च्या कॉमिक-कॉनला महेर्शाला अलीच्या डोक्यावर टोपी घालून जाहीर झाला, ऑक्टोबर 2024 मध्ये वेळापत्रकातून बाहेर. गन सध्या म्हणतात की पटकथा पूर्ण झाल्याशिवाय चित्रपट सुरू करणार नाही. ते पाळलं तर दोन बॅटमॅन काय, चार आणा.

वेताळाचा भाचा

आकडेमोड यांच्याशी सहमत. गन यांच्या 2023 च्या यादीतला 'द ऑथॉरिटी' मागे पडलाच ना? उलट 'क्लेफेस' मूळ यादीत नव्हता, पटकथा आवडली म्हणून आत आला. मला हा प्रकार पटतो.

तळटीप

धागा बॅटमॅनचा आहे हे मान्य, पण 'एका नावाचे दोन' या विषयावर बोलायचं आणि कॅप्टन मार्व्हलचं नाव नाही निघायचं, हे काही बरोबर नाही. मोठं लिहिणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

1940 च्या सुरुवातीला फॉसेट नावाच्या प्रकाशनानं 'व्हिझ कॉमिक्स'मध्ये कॅप्टन मार्व्हल आणला. लेखक बिल पार्कर, चित्रकार सी. सी. बेक. बिली बॅट्सन हा पेपर विकणारा अनाथ पोरगा 'शझॅम' म्हणतो, वीज कडाडते आणि लाल पोशाखातला दांडगा गडी उभा राहतो. हा इतका चालला की चाळीसच्या दशकात सुपरमॅनपेक्षा जास्त खपायचा. रिपब्लिक स्टुडिओनं 1941 ला त्याच्यावर बारा भागांची सिरियल काढली. लक्षात घ्या, खऱ्या नटाच्या अंगावर सुपरमॅनचा पोशाख पडद्यावर यायला 1948 उजाडलं.

सुपरमॅनची मालक कंपनी नॅशनल, म्हणजे आजची डीसी, कोर्टात गेली: हा आमच्या माणसाची नक्कल आहे. खटला दहा-बारा वर्षं रेंगाळला. एव्हाना सुपरहिरो कॉमिकचा खपच घसरला होता. 1953 मध्ये फॉसेटनं चार लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हल छापणं थांबवलं.

इथून खरी मजा. ब्रिटनमध्ये जो प्रकाशक फॉसेटचे अंक पुन्हा छापायचा, त्याचा माल एका रात्रीत बंद. मिक अँग्लो यांनी त्याला 1954 मध्ये मिळताजुळता 'मार्व्हलमन' करून दिला. त्यालाच 1982 मध्ये ॲलन मूर यांनी हातात घेतलं आणि सुपरहिरो खरोखर असता तर जगाचं काय झालं असतं, हा प्रश्न इतका निर्दयपणे मांडला की वाचल्यावर जुने अंक पूर्वीसारखे वाचता येत नाहीत. अमेरिकेत छापताना मार्व्हल कंपनीनं नावाला हरकत घेतली म्हणून तो 'मिरॅकलमन' झाला, आणि 2009 मध्ये मार्व्हलनंच त्याचे हक्क घेतल्याचं जाहीर केलं!

तिकडे अमेरिकेत 'कॅप्टन मार्व्हल' हे नाव बेवारस पडलेलं. मार्व्हल कॉमिक्सनं 1967 मध्ये क्री या परग्रही वंशाचा मार-व्हेल काढून ते खिशात टाकलं. मग 1972 मध्ये डीसीनं, ज्यांनी फॉसेटचा नायक बंद पाडला त्यांनीच, फॉसेटकडून त्याच नायकाचा परवाना घेतला. पण आता मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं नाव टाकायची सोय राहिली नव्हती. म्हणून 1973 पासून मासिक निघालं 'शझॅम!' या नावानं. लोक इतकी वर्षं मुखपृष्ठ वाचून त्यालाच शझॅम म्हणायला लागले, आणि 2011 नंतरच्या नव्या मांडणीत डीसीनंही हार पत्करून पात्राचंच नाव बदललं. आता त्याची पंचाईत अशी की स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं की वीज पडते.

2019 च्या मार्चमध्ये मार्व्हलची 'कॅप्टन मार्व्हल' आली आणि एप्रिलमध्ये डीसीचा 'शझॅम!'. महिन्याभरात दोन कॅप्टन मार्व्हल थिएटरात, दोन वेगळ्या कंपन्यांचे, आणि सामान्य प्रेक्षकाला त्याचा पत्ताही नाही. धागाकर्त्यांना दोन बॅटमॅनची धास्ती वाटते, म्हणून हे सांगितलं.

उंटावरचा

तळटीपकाका, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

रेशीमकिडा

तळटीप यांच्या प्रतिसादात एक नाव राहिलं, आणि ते दर वेळी राहतं. मोनिका रॅम्बो. 1982 मध्ये मार-व्हेल कॅन्सरनं मेल्यानंतर त्याच वर्षी कॅप्टन मार्व्हल ती झाली. पुढे अॅव्हेंजर्सची प्रमुखही झाली. 2019 च्या चित्रपटातल्या कॅरल डॅनव्हर्सनं ते नाव कॉमिकात घेतलं 2012 मध्ये, तीस वर्षांनी. मधल्या काळात मोनिकाकडून नाव काढून मार-व्हेलच्या मुलाला दिलं, तिला फोटॉन, पल्सर, स्पेक्ट्रम अशी नावं चिकटवत राहिले. 2023 च्या 'द मार्व्हल्स'मध्ये ती आहे, पण कॅरलला 'कॅप्टन' म्हणणारी, लहानपणी तिच्या मांडीवर खेळलेली पोर म्हणून. कॉमिक वाचलेल्या माणसाला ते बघताना कसं वाटतं सांगू? आपल्या आवडत्या लेखिकेचं पुस्तक दुसरीच्या नावावर छापलेलं बघावं तसं.

कॅरल वाईट आहे असं मी म्हणत नाही. केली सू डिकॉनिक यांनी लिहिलेली कॅरल मला फार आवडते.

फटकळ

'द मार्व्हल्स' वीस कोटी डॉलरच्या आसपास थांबला, मार्व्हलचा सगळ्यात कमी गल्ला. तेव्हा तिचं नशीब म्हणा की त्याचं खापर कॅरलच्या नावानं फुटलं.

रेशीमकिडा

फटकळ, तुम्ही नावाला जागता.

बारा गावचं पाणी

हक्कांवरून आठवलं. क्विकसिल्व्हर. त्याच्यासारखी फरफट कुणाचीच झाली नसेल. नव्वदच्या दशकात मार्व्हल कंपनी डबघाईला आली होती आणि त्यांनी पात्रांचे चित्रपटहक्क मिळेल त्याला विकले. स्पायडर-मॅन शेवटी सोनीकडे, एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर फॉक्सकडे. आता क्विकसिल्व्हर आणि त्याची बहीण वांडा हे कॉमिकमध्ये म्यूटंटही आणि अॅव्हेंजर्सही. मग काय, दोघांनीही वापरायचं ठरलं. 2014 ला फॉक्सच्या एक्स-मेनमध्ये इव्हन पीटर्स, 2015 ला 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये ॲरन टेलर-जॉन्सन.

फॉक्सनं अॅव्हेंजर्सचं नाव काढायचं नाही, मार्व्हलनं म्यूटंट हा शब्द उच्चारायचा नाही आणि मॅग्नेटो बाप असल्याची वाच्यता करायची नाही. मार्व्हलनं आपल्या क्विकसिल्व्हरला पहिल्याच चित्रपटात मारून प्रश्न मिटवला. फॉक्सवाल्याला मात्र पेंटागॉनच्या स्वयंपाकघरातला तो प्रसंग मिळाला. गोळ्या हवेत थांबलेल्या, सूप तरंगतंय, आणि हा हेडफोन लावून भिंतीवरून धावत एकेका गोळीला बोटानं टिचकी मारून दिशा बदलतोय, मध्येच सूप चाखतोय, पहारेकऱ्याच्या टोप्या उडवतोय. दोन-अडीच मिनिटांत त्यानं ती आवृत्ती कायमची जिंकली. कॉमिकातला क्विकसिल्व्हर खरं तर खडूस आणि आढ्यतेखोर आहे, या पोराशी त्याचा फारसा संबंध नाही. तरी आज क्विकसिल्व्हर म्हटलं की डोळ्यापुढे तोच येतो.

मार्च 2019 ला डिस्नेनं फॉक्स घेतलं. 2021 च्या 'वांडाव्हिजन'मध्ये दारावरची घंटा वाजते, वांडा दार उघडते आणि समोर इव्हन पीटर्स! दोन जगं जुळली म्हणून सगळीकडे जल्लोष. काही आठवड्यांनी कळलं की तो राल्फ बोनर नावाचा कुणीतरी नट आहे. मला अजून राग आहे.

कोळीष्टक

राग नाही, ती मानहानी होती.

वेताळाचा भाचा

अवांतर होईल, पण 'मूळ' शोधणाऱ्यांसाठी मार्व्हलचा गुप्तहेर निक फ्यूरी. साठच्या दशकातला फ्यूरी गोरा, कानशिलांवर केस पांढरे. 2002 च्या 'अल्टिमेट्स' या वेगळ्या जगातल्या कॉमिकमध्ये चित्रकार ब्रायन हिच यांनी तो सरळ सॅम्युअल जॅक्सनसारखा काढला. 2008 च्या 'आयर्न मॅन'मध्ये खुद्द जॅक्सनच आला. मग मुख्य कॉमिकला लाज वाटली असावी, त्यांनी जुन्या फ्यूरीचा एक मुलगा शोधून काढला जो दिसतो जॅक्सनसारखा आणि त्याचंही नाव निक फ्यूरीच. कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून पुन्हा कागदावर!

हार्ली क्विनही अशीच, 1992 च्या ॲनिमेशन मालिकेत जन्मली, कॉमिकात नंतर आली.

अडगळीतला वाचक

बरं बरं. पहिल्या अंकाला मूळ म्हणा असं मी म्हणतच नव्हतो. पात्राचा एक गाभा असतो, इतकंच. सुपरमॅन घ्या. तो कुणाला ठार मारत नाही. 'मॅन ऑफ स्टील'मध्ये त्यानं खलनायक झॉडची मान मोडली तेव्हा गाभ्यालाच हात लागला. यावर तरी एकमत होईल?

तळटीप

नाही होणार. 1988, जॉन बर्न यांचा 'सुपरमॅन' क्रमांक 22. दुसऱ्या विश्वातले तीन क्रिप्टोनवासी (सुपरमॅनच्या मूळ ग्रहावरचे), त्यांत झॉडही. त्यांनी त्या विश्वातली सगळी माणसं मारलेली असतात. त्यांच्या शक्ती आधीच काढून घेतलेल्या असतात, म्हणजे ते असहाय असतात, आणि तरी सुपरमॅन हिरवा क्रिप्टोनाइट उघडून तिघांनाही देहदंड देतो. चित्रपटात निदान एका कुटुंबाचा जीव वाचवायचा होता.

फरक पुढे आहे. कॉमिकात त्या कृत्याचं ओझं सुपरमॅनला इतकं होतं की पुढच्या वर्षी तो पृथ्वी सोडून अंतराळात हद्दपारी पत्करतो. महिनोन् महिने ते चालतं. चित्रपटात तो एक आर्त किंकाळी फोडतो आणि थोड्याच वेळात लष्कराचं ड्रोन पाडून जनरलशी थट्टा करतो. मला मान मोडल्याचा त्रास झाला नाही, त्यानंतरच्या घाईचा झाला.

रेशीमकिडा

आणि सुपरमॅनला वाढवणारा बाप, जोनाथन केंट! मला तो झॉडपेक्षा जास्त बोचतो. 1978 च्या चित्रपटात तो हृदयविकारानं जातो आणि पोरगा म्हणतो, एवढ्या शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. 2013 मध्ये क्लार्क बसमधली मुलं वाचवतो आणि बापाला विचारतो, मग काय मरू द्यायला हवं होतं? बाप म्हणतो, कदाचित. पुढे तोच बाप वादळात उभा राहून हात वर करतो, येऊ नकोस म्हणून, आणि मुलगा बघत राहतो. केव्हिन कॉस्टनर यांनी काम उत्तम केलंय, पण हा बाप सुपरमॅन कसा घडवेल?

2025 च्या चित्रपटात दोघंही हयात आहेत. फोनवर मोठमोठ्यानं बोलणारे, साधे, थोडे गबाळे. आणि खऱ्या आईबापांचा संदेश मात्र उलटा निघतो: पृथ्वीवर राज्य कर. त्यावरून केवढा गदारोळ झाला. मला तो बदल पटला. रक्ताचे बाप-आई काय सांगून गेले यापेक्षा कॅन्ससमधल्या त्या दोघांनी काय केलं, याला वजन आलं.

बारा गावचं पाणी

मला नाही पटला. सुपरमॅनचा खरा बाप जोर-एल हा शास्त्रज्ञ, द्रष्टा, सगळा ग्रह नको म्हणत असताना धोका ओळखणारा. त्याला एकदम साम्राज्यवादी करून टाकलं. केंट चांगले दिसावेत म्हणून एल घराणं वाईट करायची गरज काय होती? मार्लन ब्रँडोचा जोर-एल ऐकून मोठे झालेले आम्ही. शेवटपर्यंत वाट बघत होतो की तो संदेश लूथरनं बनावट केला असेल. नव्हता.

रेशीमकिडा

बर्न यांचा क्रिप्टोन कुठे प्रेमळ होता? थंड, निर्जंतुक, माणसाला माणसाचा स्पर्श नको. 'क्रिप्टोन म्हणजे हरवलेला स्वर्ग' ही एक आवृत्ती, त्यालाही पर्याय चाळीस वर्षं आहेत.

बारा गावचं पाणी

थंड आणि दुष्ट यात फरक आहे हो. असो. यावर आपलं जुळायचं नाही.

उंटावरचा

एवढी गंभीर चर्चा चालू आहे आणि लाल चड्डीवर कुणीच बोलत नाही?

फटकळ

बोलू की. 2011 मध्ये कॉमिकनं चड्डी काढली, 2013 च्या चित्रपटात नव्हतीच, 2018 मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात परत आली. गन यांनी सांगितलंय की त्यांचं मत डेव्हिड कोरेन्स्वेटनं वळवलं. त्याचं म्हणणं, डोळ्यांतून आग फेकणारा परग्रहावरचा माणूस मुलांना भीतीदायक वाटू नये असं ज्याला वाटतं, तो असाच व्यावसायिक पहिलवानासारखा पोशाख घालेल. अख्ख्या वेषभूषा विभागानं मिळून इतका नेमका विचार केला नसता.

वेताळाचा भाचा

+१. चड्डी हवीच.

आकडेमोड

चड्डीसह 60 कोटी डॉलरच्या वर, चड्डीविना 2013 ला 67 कोटीच्या आसपास. निष्कर्ष ज्यानं त्यानं काढावा. ह. घ्या.

कोळीष्टक

मार्व्हलच्या डूमकडे वळूया का? मला डिसेंबर 2026 च्या 'अॅव्हेंजर्स: डूम्सडे'ची धाकधूक वाटते. रॉबर्ट डाउनी परत येतोय, तोही आयर्न मॅन टोनी स्टार्क म्हणून नव्हे, खलनायक व्हिक्टर व्हॉन डूम म्हणून. जुलै 2024 ला व्यासपीठावर त्यानं मुखवटा काढला तेव्हा सभागृह दणाणलं. माझ्या पोटात मात्र गोळा आला. डूमची सगळी मिजास अशी की तो कुणाच्याही जागी आलेला नाही. लॅटव्हेरियाचा राजा, रीड रिचर्ड्सचा वैरी, आईचा आत्मा नरकातून सोडवणारा जादूगार. आणि आता प्रेक्षकातला प्रत्येक जण पहिला तास एकच विचारणार, हा टोनीसारखा का दिसतो?

1994 चा कधी प्रदर्शितच न झालेला, 2005 चा, 2015 चा, असे तीन वेगवेगळे डूम फँटॅस्टिक फोरमध्ये आले आणि एकही धड झाला नाही. चौथ्या वेळी तरी स्वतःच्या चेहऱ्यानं येऊ द्यायचा होता. चेहरा म्हणजे... कळलं ना.

तळटीप

2016 मध्ये डूमनं स्वतः आयर्न मॅनची जागा घेतल्याची मालिका आहे, 'इन्फेमस आयर्न मॅन'. तेव्हा अगदीच आधार नाही असं नाही. आणि 'डूम्सडे'च्या पुढच्या 'सीक्रेट वॉर्स'च्या शुद्धतेबद्दल ज्यांना काळजी वाटते त्यांच्यासाठी: 1984 ची मूळ मालिका निघाली तीच मॅटेल कंपनीला खेळणी विकायची होती म्हणून. त्यातून स्पायडर-मॅनचा काळा पोशाख आला आणि त्यातून पुढे व्हेनम.

कोळीष्टक

आधार असणं आणि गरज असणं, दोन गोष्टी आहेत. कँग कोसळला, गल्ला घसरला, म्हणून ओळखीचा चेहरा आणला. दिग्दर्शक रूसो बंधूही त्याचसाठी परत आणले. चित्रपट उत्तम निघाला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला असेन, पण ही निवड भीतीतून झालीय हे दिसतंय.

अडगळीतला वाचक

माझ्या मूळ प्रश्नाचं काय? दोन बॅटमॅन?

आकडेमोड

पॅटिन्सनचा पहिला भाग 77 कोटी डॉलरला गेला. तो कुणी बंद करणार नाही. आणि डेमियनवाला बॅटमॅन आणल्याशिवाय गन यांची जस्टिस लीग उभी राहणार नाही, कारण पॅटिन्सनच्या गॉथमवर उडता माणूस दिसला तर ते जगच मोडेल. तेव्हा दोन होणार, तुम्हाला आवडो न आवडो. फक्त दोघांच्या तारखांत दोन वर्षांचं तरी अंतर ठेवा.

वेताळाचा भाचा

दोनावर कुठे थांबताय? कॉपीराइटची 95 वर्षं भरली की 1 जानेवारी 2034 ला सुपरमॅन सार्वजनिक होतो, 2035 ला बॅटमॅन, 2037 ला वंडर वुमन. मग कुणीही काढा.

तळटीप

कुणीही काढा, पण फक्त तेवढाच. 2034 ला मोकळा होणार तो 1938 चा सुपरमॅन. त्याला उडता येत नाही, इमारतीवरून उड्या मारतो. क्रिप्टोनाइट नाही, ते 1943 ला रेडिओवर आलं. जिमी ओल्सेन नाही, पेरी व्हाइट नाही, लूथर नाही. आणि लूथर 1940 ला येतो तेव्हा त्याला भरघोस लाल केस आहेत. टक्कल 1941 चं. शिवाय ट्रेडमार्क डीसीकडेच राहणार, म्हणजे पोस्टरवर नाव टाकताना पुन्हा 'शझॅम'सारखी कसरत.

फटकळ

घ्या! लाल केसांचा लूथर, उड्या मारणारा सुपरमॅन आणि माणसं मारणारा बॅटमॅन. धागाकर्त्यांना हवं ते सगळं मूळ, एकदम.

अडगळीतला वाचक

लाल केसांच्या लूथरला माझी हरकत नाही. 2035 च्या बॅटमॅनचं सांगा, रॉबिन मिळेल का त्यात?

तळटीप

नाही. रॉबिन 1940 चा. 2036.